राखून ठेवलेली साडी

रात्री साडेनऊला दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं की अब्बांचं खरं काम सुरू व्हायचं. दिवसभर गिऱ्हाइकांना दाखवलेल्या साड्या गादीवर पसरलेल्या असायच्या. त्यांच्या घड्या घालून त्या परत कपाटात लावायच्या, हे काम दुकानातल्या पोऱ्यावर सोडून अब्बा गल्ला मोजत बसू शकले असते. इंदापुरातल्या बाकीच्या दुकानांत तसंच चालायचं. आमच्याकडे उलटं होतं. गल्ला अम्मी मोजायची आणि घड्या अब्बा स्वतः घालायचे.

मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गल्ला बोलता क्या बिका. घडी बोलती क्या नहीं बिका."

आमच्या घरात दखनी बोलतात आणि दुकानात मराठी. घडी घालताना अब्बांच्या तोंडी दोन्ही भाषा यायच्या. "ही जांभळी आज चौथ्यांदा उघडली. चौघींनी अंगावर धरली, एकीनंही घेतली नाही. म्हणजे रंग चांगला आहे, भाव चुकलाय." "हिचा पदर कुणी उलगडलाच नाही, वरूनच नको म्हणाल्या. हिला पुढं ठेवण्यात अर्थ नाही." असं करत करत अर्ध्या-पाऊण तासात उद्या कुठली साडी कुठल्या फळीवर जाणार, हे ठरलेलं असायचं.

आज मी पुण्यात एका ऑनलाइन खरेदीच्या कंपनीत नोकरी करतो. माझ्या कामाचं नाव बिहेव्हियरल अ‍ॅनालिटिक्स. कोण आलं, काय पाहिलं, किती वेळ थांबलं, कुठून परत फिरलं, याच्या नोंदी वाचायच्या आणि त्यातून ग्राहकाचा प्रवास समजून घ्यायचा. या कामाची पदवी मी नंतर घेतली. काम मात्र त्या गादीवर आधीच शिकलो होतो. जे शिकवलं त्यातलं अर्धंच मी सोबत नेलं होतं, हे मला खूप उशिरा कळलं. ते कसं कळलं, ते सांगतो.

बस्ता

आमच्या भागात लग्नाची कापडखरेदी म्हणजे बस्ता. वाचकांपैकी शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो, बस्ता बांधायला एक-दोन माणसं येत नाहीत. जीप भरून येतात. नवरीची आई, मावश्या, चुलत्या, आत्या, नवरामुलाकडच्या दोघी, एखादा मामा आणि दोन-तीन पोरं. शालू, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, आहेराचे ब्लाऊज पीस अशी यादी असते. तीन-चार तास सहज जातात.

एवढ्या माणसांत निर्णय कुणाचा, हे ओळखणं म्हणजे अर्धा धंदा. नवखा दुकानदार जी सर्वांत जास्त बोलते तिला साड्या दाखवत बसतो. अब्बांचं लक्ष भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीकडे असायचं. ती कापडाला हात लावत नाही. बाकीच्या एखादी साडी उचलतात आणि नकळत तिच्याकडे बघतात. ती बघून नजर वळवते. झालं, ती साडी बाद! अब्बा हळूच पोऱ्याला म्हणायचे, "आज्जीला चहा दे, कमी साखरेचा." मग पुढची साडी तिच्या समोर उलगडायची.

माझ्या धंद्यात याच गोष्टीला मोठमोठी नावं आहेत. १८९८च्या सुमारास अमेरिकेतल्या एलमो लुईस नावाच्या जाहिरातवाल्यानं गिऱ्हाईक कसं बनतं याच्या पायऱ्या मांडल्या. आधी लक्ष, मग आवड, मग इच्छा आणि शेवटी खरेदी. त्याचंच पुढं नरसाळं झालं. वरून हजार माणसं येतात, खाली पोचतात थोडी. मधल्या प्रत्येक पायरीवर किती गळाली ते मोजायचं. आता हे मोजमाप यंत्र करतं. गुगलनं २००५मध्ये अर्चिन नावाची कंपनी घेऊन त्यातून गुगल अ‍ॅनालिटिक्स उभं केलं. त्याची जुनी पद्धत पानं आणि भेटी मोजायची. १ जुलै २०२३पासून ती बंद होऊन नवी पद्धत आली, ती प्रत्येक कृती मोजते. वस्तू पाहिली ही एक नोंद, कार्टमध्ये टाकली ही दुसरी, पैसे भरायला सुरुवात केली ही तिसरी, खरेदी झाली ही चौथी.

पहिल्यांदा हे शिकलो तेव्हा मला हसू आलं होतं. अंगावर धरली, पदर उलगडला, भाव विचारला, पावती फाडली. अब्बांच्या चार नोंदी याच की!

बारामतीचा गुरुवार

मी बारामतीला शिकायला होतो त्या काळात आमच्या दुकानातले बस्ते कमी होऊ लागले. बारामतीत मोठमोठी दुकानं झाली होती, सरकते जिने आले होते. इंदापूर ते बारामती पन्नासेक किलोमीटर. लोक जीप करून तिकडं जायला लागले. अम्मी म्हणाली, भाव पाडा. धाकटे चाचा म्हणाले, दुकानाला काच लावा.

अब्बांनी दोन्ही केलं नाही. एका गुरुवारी ते एसटीनं बारामतीला आले. गुरुवारी बारामतीचा आठवडे बाजार असतो. माझ्यासाठी डबा आणला होता. डबा देऊन झाल्यावर म्हणाले, "चल, जरा बसू." भिगवण चौकाजवळ एका मोठ्या कापड दुकानासमोर चहाची टपरी होती. तिथं आम्ही दुपारपर्यंत बसलो.

आमची दोन-तीन गिऱ्हाइकं खरंच त्या दुकानातून पिशव्या घेऊन बाहेर पडली. मला राग आला. अब्बा मात्र उठून पुढं गेले. "राम राम पाटील, बस्ता झाला का? बरं झालं." पाटील ओशाळले. "अहो चाचा, तुम्ही इथं?" "पोराला भेटायला आलोय." ते खरंही होतं. मग बोलता बोलता पाटीलच सांगू लागले. आईचे डोळे दाखवायचे होते म्हणून दवाखान्यात आलो. मग म्हटलं सोनं इथंच बघू. सोनं झालं तर भांडी. भांडी झाली तर कापड कशाला मागं ठेवा?

परत येताना अब्बा म्हणाले, "उनका रास्ता दुकान से शुरू नहीं होता. दवाखाने से शुरू होता."

एवढं एक वाक्य मला पुढं कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नाही. आमच्या धंद्यात ग्राहकाचा प्रवास तो दारात आल्यापासून, म्हणजे अ‍ॅप उघडल्यापासून, मोजतात. खरा प्रवास त्याच्या घरी सुरू झालेला असतो. सासूचे डोळे, उसाची तोड, पोराची फी, असं काहीतरी तो सोबत घेऊन आलेला असतो. ते कुठल्याच नोंदीत येत नाही.

अब्बांनी मग शालूंचा नाद सोडला. बारामतीत बस्ता झाला तरी लग्नाच्या आदल्या दिवशी चार साड्या कमी पडतातच. ऐनवेळी कुणी पाहुणा वाढतो, कुणाचा मान राहतो. त्यासाठी कुणी पन्नास किलोमीटर जात नाही. लग्नसराईत दुकान रात्री अकरापर्यंत उघडं राहू लागलं. मानपानाच्या साड्या आणि टॉवेल-टोपी भरून ठेवली. फॉल-बिडिंग त्याच दिवशी करून देणारी एक बाई शेजारी बसवली. दुकान टिकलं.

पैशाचं पंचांग

दुसरी गोष्ट तारखांची. इंदापूर तालुक्यात पगार महिन्याच्या एक तारखेला होतो असं समजणाऱ्यानं इथं दुकान टाकू नये. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. उसाचं बिल कारखान्याच्या हिशेबानं येतं. कायदा म्हणतो, म्हणजे १९६६चा ऊस नियंत्रण आदेश, की ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत. पण माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी असे कारखाने वेगवेगळे आणि बिलाच्या तारखाही वेगवेगळ्या. कुठलं बिल निघालं हे अब्बांना पेपर वाचून कळायचं नाही. कुठल्या गावची माणसं नव्या करकरीत नोटा घेऊन दुकानात आली, त्यावरून कळायचं.

त्यातही दुधाचे पैसे आणि उसाचे पैसे वेगळे. उसाचं बिल बाप्याच्या नावावर येतं, त्यातून सोसायटीचं कर्ज जातं, खताची उधारी जाते. दुधातले चार पैसे बाईच्या हाती राहण्याची शक्यता असते. म्हणून बाई एकटी येऊन स्वतःच्या मनानं साडी घेते ती बहुधा दुधाच्या पगारानंतरच्या दोन-तीन दिवसांत.

ऑफिसात याचा मला फार उपयोग झाला. मार्च २०२५मध्ये कुर्त्यांची विक्री आदल्या मार्चपेक्षा एकदम वर गेलेली दिसली, तेव्हा सगळे नव्या जाहिरातीचं कौतुक करत होते. मी म्हटलं, थांबा, ईद बघा. रमजान ईद २०२३मध्ये २२ एप्रिलला होती, २०२४मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५मध्ये ३१ मार्चला. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं सगळी खरेदी मार्चात सरकली होती. जाहिरातीचा त्यात किती वाटा, ते ईदची तारीख जुळवून बघितल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. पालखीचंही तसंच. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. ती आषाढाच्या तिथीनं येते, जूनच्या तारखेनं नाही. त्या दिवसाची विक्री बघून कुणी आलेख वर चढवला तर फसलाच.

अशा गोष्टींमुळं माझं नाव झालं. ग्रामीण महाराष्ट्राचा माणूस म्हणून मला मोठं काम मिळालं. तिथंच मी चुकलो.

सोडून दिलेलं कार्ट

आमच्या तालुक्यांत एक गोष्ट फार दिसायची. बायका साडी पाहायच्या, कार्टमध्ये टाकायच्या आणि निघून जायच्या. दुसऱ्या दिवशी परत बघायच्या, परत निघून जायच्या. याला आमच्या भाषेत सोडून दिलेलं कार्ट म्हणतात. जगभरच्या ऑनलाइन दुकानांची ही डोकेदुखी आहे आणि त्यावरचा उपायही ठरलेला आहे. आठवण पाठवायची.

मीच तो संदेश लिहिला. साडीचा फोटो आणि खाली मराठीत, "तुमची साडी तुमची वाट पाहतेय! फक्त २ शिल्लक." गोदामात त्या साड्या ढिगानं होत्या. संदेश रात्री आठला जायचा, कारण नोंदी सांगत होत्या की या भागातले फोन त्या वेळी सर्वांत जास्त उघडतात. आकडे वाढले. मला शाबासकी मिळाली.

त्या वर्षी ईदला घरी आलो. शीरखुर्मा झाला, पाहुणे गेले. संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना अब्बांनी सहज विषय काढला. एक जुनी गिऱ्हाईक दुकानात येऊन गेली होती. घर चांगलं, चार गाई, ऊस. पैसा सासऱ्याच्या हातात. भावाचं लग्न ठरलेलं, आणि तिला आपल्या आईला स्वतःच्या पैशानं एक साडी घ्यायची होती. दुधातून थोडं थोडं मागं टाकत होती. घरात मोठा फोन एकच. दुपारी सासरे झोपले की त्यावर ती साडी बघायची, किंमत कमी झाली का बघायची, परत ठेवून द्यायची.

एका रात्री आठ वाजता सासरे फोनवर कीर्तन बघत बसले होते. सगळे जेवायला बसलेले. फोनवर साडीचा फोटो आला. ‘तुमची साडी तुमची वाट पाहतेय.’

कुणाची साडी? कुठले पैसे? भांडण म्हणावं असं काही झालं नाही. कुणी हात उचलला नाही, आवाजही फार चढला नाही. फक्त डब्यातले पैसे बाहेर निघाले आणि गाईंच्या पेंडीच्या बिलात गेले.

"तिनं त्या कंपनीचं नाव सांगितलं," अब्बा म्हणाले. "तुम्हारीच है ना वो?"

मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं विचारलं, "नाव काय तिचं? कुठल्या गावची?"

"नाम लेके तू क्या करेगा?"

घरंगळलेलं थान

त्या रात्री मला लहानपणीची एक गोष्ट आठवली. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. एक काका बायकोला घेऊन दुकानात आले होते. मी मोठ्या हुशारीनं म्हटलं, "काका, मागच्या महिन्यात तुम्ही दोन साड्या नेल्या होत्या ना, एक हिरवी आणि एक..." वाक्य पुरं व्हायच्या आत अब्बांच्या हातातलं कापडाचं थान गादीवरून सुटलं आणि उलगडत थेट दारापर्यंत घरंगळत गेलं. सगळे ते गोळा करायला धावले. विषय बुडाला.

दुसरी साडी बहिणीसाठी होती की आणखी कुणासाठी, मला आजही माहीत नाही. अब्बांनाही माहीत नसेल. त्यांनी ते कधी जाणून घ्यायचा प्रयत्न केला नाही. रात्री घड्या घालताना ते मला एवढंच म्हणाले, की गिऱ्हाइकाचं जे आपल्याला दिसतं ते आपलं नसतं, ते आपल्याकडं अमानत असतं. सोनं ठेवायला दिलं तर आपण ते घालून मिरवतो का?

अमानत हा शब्द आमच्या घरात रोजचा. लोकांच्या झाकलेल्या गोष्टींचा माग काढू नका, हे हुजुरात सूरेत बजावलेलं मी लहानपणी पाठ केलं होतं. पण त्याचा माझ्या नोकरीशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं. मी कुणाच्या दाराला कान लावत नव्हतो. मी आकडे बघत होतो.

अब्बांनी मला दोष दिला नाही. झोपायला जाताना म्हणाले, "देखना गुनाह नहीं रे. दुकानदार देखेगाच. देख के बोंब मारना, वो गुनाह है."

यूजर म्हणजे कोण?

सुट्टीवरून परतल्यावर मी वरिष्ठांना हे सांगितलं. पहिला प्रश्न आला, "यूजर आयडी काय?" मी म्हटलं, माहीत नाही. दुसरा प्रश्न, "मग एका घटनेवरून काय ठरवणार?" पहिला प्रश्न ऐकून मला ओसरीवरचा मीच आठवलो. दुसऱ्या प्रश्नात मात्र तथ्य होतं. म्हणून मी नोंदी पुन्हा उघडल्या आणि यावेळी आधी स्वतःची गृहीतकं तपासली.

पहिलं गृहीतक, यूजर म्हणजे एक माणूस. आमच्या नोंदीत यूजर म्हणजे एक फोन, एक नंबर. पुण्यात ते चालून जातं. इंदापूर तालुक्यातल्या घरात एका फोनवर सासरे कीर्तन ऐकतात, मुलगा डाळिंबाचा भाव बघतो, नातू गेम खेळतो आणि दुपारी सून साडी बघते. चौघांची मिळून आम्ही एक व्यक्ती बनवली होती आणि तिला रात्री आठला हाक मारत होतो.

दुसरं गृहीतक वेळेचं. या यंत्रांत साधारणपणे ३० मिनिटं हालचाल झाली नाही की भेट संपली असं धरतात. तो आकडा बदलता येतो, पण कुणी बदलत नाही. तीस मिनिटांत बस्ता तर सोडाच, आज्जीचा चहासुद्धा होत नाही. आम्ही खरेदी त्याच भेटीत किंवा फार तर एक-दोन दिवसांत झाली का, एवढंच बघत होतो. मी ती मुदत महिनाभराची केली. तेव्हा दिसलं की ‘सोडून दिलेल्या’ कार्टांपैकी बरीच नंतर खरेदीत बदलत होती आणि त्या खरेद्या महिन्यात तीन ठिकाणी गोळा झाल्या होत्या. दुधाच्या पगाराच्या तीन तारखांच्या मागेपुढे. जी गोष्ट मला दहावीत माहीत होती ती मी पुण्यात बसून विसरलो होतो.

पण का, ते नोंदी सांगत नव्हत्या. मग मी आठ दिवसांची रजा काढून अब्बांच्या दुकानात बसलो. आमच्या यादीतला एकही नंबर काढला नाही, कुणाला फोन केला नाही. दुकानात येणाऱ्या बायकांना सरळ सांगितलं की मी मोबाइलवर साड्या विकणाऱ्या कंपनीत आहे, तुम्ही बघता आणि घेत नाही, याचं कारण सांगाल का? काही हसल्या, काही निघून गेल्या. ज्या बोलल्या त्यांचं उत्तर जवळजवळ एकच होतं. एक मावशी म्हणाल्या, "अरे, सोडून कुठं देतोय? राखून ठेवतोय."

आमच्या दुकानात एक लाकडी कपाट आहे. त्याच्या वरच्या फळीवर वर्तमानपत्रात बांधलेली पुडकी असतात. बाई साडी पसंत करते, शंभर-दोनशे देते किंवा काहीच देत नाही, आणि म्हणते, चाचा, राखून ठेवा. अब्बा पुडकं बांधतात आणि त्यावर एक खूण करतात. नाव लिहीत नाहीत. ती येईल तेव्हा येईल. अब्बांनी आजवर कुणाच्या घरी निरोप पाठवला नाही, की तुमची साडी तुमची वाट पाहतेय.

ती कार्टं म्हणजे हेच कपाट होतं.

उसाचं वेगळं, माणसाचं वेगळं

बारामतीत सध्या डेटाचं मोठं कौतुक आहे आणि ते रास्तही आहे. तिथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला सुरुवात केली. उपग्रहाची चित्रं, हवामान, जमिनीतल्या ओलाव्याच्या नोंदी, हे सगळं एकत्र करून कुठल्या पट्ट्याला कधी पाणी द्यायचं हे शेतकऱ्याला फोनवर कळतं. सत्य नडेलांनीही त्याचा जाहीर उल्लेख केला. आमचे एक नातेवाईक सारखे म्हणतात, उसाचं एवढं कळतं तर माणसाचं का नको?

फरक एवढाच, की उसाला काही झाकायचं नसतं. त्याला तहान लागली हे सगळ्या गावाला कळलं तरी त्याची अब्रू जात नाही. माणसाला कळवायचं किती, कुणाला आणि कधी, हे त्याला स्वतः ठरवायचं असतं.

आता कायदाही याच वाटेवर येतो आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं संमती मोकळेपणानं, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीनं दिलेली हवी असं सांगितलं. संमती मागण्याची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे, म्हणजे मराठीतही. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागं घेणं सोपं असलं पाहिजे. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. त्यातला अगदी पहिला प्रकार खोटी घाई. माझं ‘फक्त २ शिल्लक’ त्यात चपखल बसत होतं.

पुढं काय झालं?

फार मोठं काही झालं नाही, आणि खोटं कशाला सांगू? थोड्या तालुक्यांपुरता बदल करून बघायला मला परवानगी मिळाली. कार्टच्या शेजारी एक बटण आलं, ‘राखून ठेवा’. ते दाबलं की एकच प्रश्न यायचा, आठवण करून द्यावी का? आधीपासून ‘नको’ निवडलेलं. ‘हो’ म्हटलं तर दिवस आणि वेळ तिनंच निवडायची. संदेशात फोटो नाही, वस्तूचं नाव नाही, किंमत नाही. फक्त एवढंच, की तुम्ही सांगितलेली आठवण. खोटी घाई काढली.

संदेश खूप कमी झाले. विक्री उडी मारून वाढली नाही, पण पडलीही नाही. परत येणारा माल थोडा कमी झाला, कारण घाबरून घेतलेली साडी परत येते आणि विचार करून घेतलेली बहुधा राहते. काही महिन्यांनी वरचे लोक बदलले आणि सगळीकडं हा बदल करायचा की नाही यावर अजून बैठका चालू आहेत. मी त्या बैठकांना जातो. कधी ऐकतात, कधी नाही.

जिचे पैसे पेंडीच्या बिलात गेले तिला याचा काही उपयोग झाला नाही. ते माझ्याकडून गेलं. ते मी कुणाच्या नावावर लिहू शकत नाही.

गेल्या पावसाळ्यात दोन दिवस घरी होतो. रात्रीची वेळ, शटर अर्धं खाली. एक बाई वाकून आत आली. काही बोलली नाही. अब्बांनी स्टूल घेतलं, वरच्या फळीवरून वर्तमानपत्राचं एक पुडकं काढलं, धूळ झटकली आणि तिच्या हातात दिलं. तिनं पदराच्या गाठीतून पैसे काढून मोजले. अब्बांनी ते न मोजता गल्ल्यात टाकले.

तीच होती की दुसरी कुणी, मला माहीत नाही. मान वर केली असती तर कदाचित कळलं असतं. मी जांभळ्या साडीची घडी घालत राहिलो.